पहिले चार सेकंद

डिसेंबरात सकाळी साडेसहाला
माझी दोन हजार नऊची डिझेल स्विफ्ट
किल्ली फिरवली की खडखडते,
डब्यात मूठभर खिळे घालून कुणी हलवावा तशी.
एक, दोन, तीन, चार.
मग गप्प. जणू काही झालंच नाही.

शेजारचे ढोबळे म्हणाले, थंडी आहे. विकून टाका.

मी मेडिकलमध्ये कान तपासते, बावीस वर्षं झाली.
बंद खोलीत माणूस बसवते, हेडफोन चढवते,
आवाज आला की बोट वर करा, म्हणते.
थांबलेला आवाज म्हणजे बरा झालेला आजार नव्हे,
एवढं मला पगारापुरतं कळतं.

ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे शालिकभाऊ बारापात्रेंचं गॅरेज.
"रातभर इथंच राहू द्या," ते म्हणाले,
"गरम गाडी खोटं बोलते."

दुसऱ्या दिवशी पहाटे डिपस्टिक काढून बोटावर तेल घेतलं.
डांबर.
"कधी बदललं?"
मी इकडेतिकडे पाहिलं, माझे पेशंट पाहतात तसं.

मग बाहेरचा पट्टा उतरवला, क्षणभर गाडी चालू केली.
खडखड तशीच. म्हणजे अल्टरनेटर सुटला, पुल्या सुटल्या,
चौकीतून एकेक संशयित घरी जावा तसे.
मग हातभर लांब स्क्रूड्रायव्हर,
टोक इंजिनच्या कव्हरवर,
आणि मूठ कानाला नाही,
कानामागच्या हाडाला.

मी जागच्या जागी थांबले.
हे मी रोज करते. वाजता काटा त्याच हाडावर टेकवते,
कानाच्या वाटेनं काही पोचत नसेल तेव्हा.

"डावा कान कधीपासून?"
ऐकलं नाही. उजवीकडून जाऊन पुन्हा विचारलं.
"शुक्रवारी तलावात डुबक्या मारल्या पोट्टेपणी.
मंग वाहतच गेला." स्क्रूड्रायव्हर सरकला.
"इथं हाय. साखळी. टॅपेट नाही, मॅडम, टॅपेट बारीक बोलते."

कव्हर उघडायला दुपार झाली.
आत प्लास्टिकची पट्टी तुटलेली,
तिचा तुकडा खाली तेलाच्या तळाशी.
टेन्शनर अंगठ्यानं दाबला, आत गेला,
बाहेर आलाच नाही.
"तेलाचा दाब आला की हा उभा राहते.
तोवर साखळी मोकाट."
माझे चार सेकंद म्हणजे हे.

जुनी साखळी नव्या साखळीशेजारी ठेवली, पेपरवर.
नखभर लांब.
फक्त नखभर, आणि तेवढ्यानं
व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या वेळा चुकू लागल्या होत्या.

आकीबनं टॉर्च धरला. खुणेवर खूण.
पान्यानं, हातानं, दोन पूर्ण फेरे.
कुठं अडलं नाही, तरी शालिकभाऊंनी तिसरा दिला,
उगाच.
नवं तेल, नवा फिल्टर,
आणि सुरू न करता नुसतं फिरवून
तेल वर चढू दिलं.

बिल एकोणीस हजार चारशे. मी भाव करू लागले,
तर त्यांनी डावा कान पुढे केला.

"हाड शाबूत आहे तुमचं," मी म्हणाले, "पडदा गेलाय.
बसवतात नवा. मेडिकलला या."
"अन् कान उघडल्यावर
हाडानं ऐकणं सोडलं तं?"
बावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
सोडत नाही, म्हणाले मी,
पण लगेच नाही म्हणाले.

गाडी रात्रभर तिथंच राहिली.
सकाळी धुकं होतं, कामठी रोडवर कोळशाचे ट्रक.
मी किल्ली हातात घेतली.
"आवाज आला तर बोट वर करा."
शालिकभाऊ बॉनेटवर तळवा ठेवून
माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

एक.
दोन.
तीन.
चार.

आकीबचं बोट वर.
"सायलेन्सरचा हँगर हालून राह्यला, उस्ताद."
"थो पुढच्या महिन्यात."
"आणि कान?" मी उजवीकडून विचारलं.
"थोही."